गुडघ्याखाली रुतलेली शिवण

मी एक विजार बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मध्येच हसलात तर मी गप्प बसेन, आणि मग तुम्हाला कळणारच नाही काय झालं ते.

उल्हासनगरात विजारींना काय तोटा. कॅम्प एकच्या गल्ल्यांतून जीन्सचे गठ्ठे हातगाडीवर असे चाललेले असतात की समोरून येणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहावं. पण मी जीन्स नाही. मी राखाडी, जाड, ताणणाऱ्या कापडाची, कमरेपासून घोट्यापर्यंत. दोन्ही बाजूंना बुटासारख्या नाड्या. मला घालून कोणी लग्नाला जाणार नाही. मला शिवलं ते अंतराळातून परत येणाऱ्या माणसासाठी.

वर गेलेल्या माणसाला वजन राहत नाही, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. तरंगतात, कोलांट्या मारतात, हवेत सोडलेला पाण्याचा गोळा तोंडाने पकडतात. बघायला मजा. पण तिथे अंगातलं रक्त डोक्याकडे सरकतं. तोंड सुजतं आणि पाय बगळ्यासारखे होतात. असे कित्येक महिने काढून माणूस खाली आला आणि त्याला उभं केलं, की रक्त भसकन पायात उतरतं. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस आडवा. म्हणून मी. मी पाय आणि पोट आवळून धरते आणि रक्ताला खाली जाऊ देत नाही. एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

अंबरनाथला एक कंपनी आहे. कमरेचे पट्टे, गुडघ्याच्या टोप्या, पायाच्या शिरा फुगलेल्यांचे मोजे, असलं सगळं करते. माणसं वर पाठवणाऱ्या एका संस्थेने त्या कंपनीला माझ्यासारख्या विजारी करून बघायला सांगितलं. संस्थेचं नाव मी घेत नाही. मोठी आहे. लोक तिचं नाव सांगून पोरांना अभ्यासाला बसवतात.

कंपनीकडे मोजे विणायची यंत्रं होती, पण असलं शिवणकाम करणारे हात नव्हते. ते कॅम्प एकमध्ये होते, टेकचंद शेठच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक पोटमाळा, नऊ मशिनी आणि सात बायका. त्यातली एक चांगुणा.

चांगुणा बेलवलीहून येते. पन्नाशीला टेकलेली, शाळा चौथीपर्यंत. तोंड असं की शेठसुद्धा तिच्याशी बोलायच्या आधी खाकरून घेतो. पण हात असा की नवीन प्रकारचं काही आलं, की शेठ ते दुसऱ्या कोणाच्या मशीनवर ठेवतच नाही.

माझा नकाशा घेऊन कंपनीतून ऋता मॅडम आल्या. पोरसवदा, चष्मा लावणाऱ्या, अंबरनाथच्याच. शिकलेल्या होत्या, पण खुर्ची नाकारून चांगुणाशेजारी स्टुलावर बसल्या, हे मला आवडलं.

"मावशी, एक गोष्ट लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "आत माया अजिबात सोडायची नाही. कापड शिवणीला लागून कापायचं. आतून हात फिरवला तर काही लागता कामा नये."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. चांगुणा म्हणाली, "हो." आणि मॅडम जिना उतरून गेल्यावर शेजारच्या गोजरबाईला म्हणाली, "शिकलेली आहे पोरगी. पण अजून कोणाला जाड होताना बघितलं नाही तिने."

आमच्याकडच्या शिवणाऱ्या माणसाला माया सोडल्याशिवाय शिवताच येत नाही. पोरगं वाढेल. बाई बाळंत होईल. माणूस सुटेल, नाहीतर आजारात वाळेल. म्हणून कपडा उसवून सैल करता आला पाहिजे, घट्ट करता आला पाहिजे. चांगुणाने तीस वर्षं असंच शिवलंय. त्यातून हा माणूस तर असा, की जाताना त्याचा पाय एवढा आणि येताना तेवढा. तिने बाकी सगळीकडे मॅडमचं ऐकलं. फक्त गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला, जिथे माझे दोन भाग जुळतात तिथे बोटभर माया सोडली, आत दुमडली, वरून टाका घातला. दुसऱ्या कोणाला ते नुसतं बघून सापडलं नसतं. तिने ते चांगल्या मनाने केलं. मी तिची बाजू घेत नाही, झालं ते सांगतेय.

मग मी अंबरनाथला गेले. कंपनीच्या वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा करून तिथे खाटा मांडल्या होत्या. खाटांची डोक्याची बाजू खाली, पायाची वर. वर जाऊन माणसाचं जे होतं, ते जमिनीवर थोडंफार करून बघायचं असेल तर त्याला असं झोपवतात. चार दिवस. उठायचं नाही, बसायचं नाही, सगळं आडव्यानेच.

मला घालायला मिळाला आनंदा. मांजर्लीचा, कंपनीतच पॅकिंगला. घरची भातशेती होती, आता तिथे बिल्डिंगी आहेत. स्वभावाने गरीब. त्याला सात पानांचा कागद दिला, वाचून सही करा म्हणाले. आनंदाने एकच विचारलं, "सही कुठं करू, साहेब?"

साहेब म्हणजे संस्थेचे डॉक्टर, शरदचंद्र नाव. केस पांढरे, शर्ट त्याहून पांढरा. माणूस वाईट नव्हता. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही त्यांच्यावर चिडणार आहात.

पाचव्या दिवशी सकाळी आनंदाच्या पायांत झोपल्या झोपल्या मला चढवलं. सहा तास तशीच राहणार होते. पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला मला कळलं की माझ्या आतली ती बोटभर दुमड त्याच्या गुडघ्याखालच्या हाडावर बसलीय. तिथे मांस नसतं, हात लावून बघा. मी आवळायला शिवलेली, सैल सोडणं मला माहीत नाही. मी आवळत राहिले आणि दुमड रुतत राहिली. आनंदाने पायाची बोटं हलवून पाहिली. अंगठा नीट हलेना.

दर अर्ध्या तासाने डॉक्टरसाहेब येत, हातात पेन, आणि विचारत, "काय आनंदा, काही त्रास?"

"नाय साहेब. बरा हाय."

"काही टोचतंय, दुखतंय?"

"नाय नाय. मस्त हाय."

सहा तासांत बारा वेळा विचारलं, बारा वेळा हेच. मी त्याच्या पायावर होते म्हणून सांगते, तो चौथ्या तासापासून दात खाऊन पडला होता.

माणसांची ही खोड मला तेव्हा कळली. दुखणं शेजारणीला सांगतील, रिक्षावाल्याला सांगतील, देवाला तर रोज सांगतील. आणि खास ऐकायला म्हणून जो समोर बसलाय, त्या डॉक्टरला म्हणतील, तसं काही नाही, बरं आहे. साहेब एवढ्या लांबून आलेत. त्यांचा मूड कशाला घालवा. आपल्या एका पायासाठी एवढ्या लोकांचं काम कशाला थांबवा.

मग आनंदाला एका फळीवर आडवा घेतला आणि ती फळी त्याच्यासकट उभी केली. आनंदा पडला नाही. घामसुद्धा आला नाही त्याला. माझं काम मी चोख केलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, आनंदाच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. कागदावर शेवटच्या ओळीत डॉक्टरसाहेबांनी लिहिलं: तक्रार नाही. मला काढल्यावर नर्सने आनंदाची नाडी बघितली, रक्तदाब बघितला. पाय कोणी बघितला नाही. आनंदाने घाईघाईने स्वतःची पॅन्ट चढवली आणि जिन्याचा कठडा धरून उतरला.

मी पास झाले. माझ्यासारख्या साठ शिवायच्या ठरल्या आणि नमुना म्हणून मी परत कॅम्प एकला आले. टेकचंद शेठने पेढे वाटले.

त्याच दिवसांत टीव्हीवर एक बातमी चालू होती. कुठल्यातरी परदेशातून वर गेलेल्या एका माणसाला ठरल्या दिवसाआधीच खाली आणत होते. आजारी होता. काय झालं ते सांगत नव्हते. प्रकृती स्थिर आहे, एवढंच रोज. कारखान्यात बायकांच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

"स्थिर म्हणजे काय?" गोजरबाई म्हणाली. "आमचे मामंजी स्थिर होते तीन दिवस. चौथ्या दिवशी गेले."

"व्हॉट्सॲप पे आया है," टेकचंद शेठ पोटमाळ्यावरून म्हणाला, "आदमी ही बदल दिया. जो गया वो अलग, जो आया वो अलग."

"शेठ, तुमच्या व्हॉट्सॲपवर गेल्या आठवड्यात कांद्याने टक्कल जात होतं," चांगुणा म्हणाली. "लावला का कांदा?"

शेठने टोपी सारखी केली. बायका हसल्या. पण गोजरबाई म्हणाली, "हसा. काहीतरी लपवतायत खरं. एवढी मोठी माणसं, सरळ सांगायला काय जातं?"

चांगुणा मला उलटी करत होती. साठ शिवायच्या तर नमुना आतून बघायलाच हवा. ती शिवणीवरून अंगठा फिरवत खाली आली आणि गुडघ्याखाली थांबली. दुमड एका बाजूला कलली होती, कापड तिथे ताणून पांढरं पडलं होतं, आणि दुमडीच्या घडीत तपकिरी डाग होता, चिंचोक्याएवढा. मला तोंड नाही. मला एवढंच बोलता येत होतं.

चांगुणाने डाग नखाने खरवडला, वास घेतला, आणि ऋता मॅडमना फोन लावला.

"ही विजार कोणाच्या अंगात होती?"

"आनंदा म्हणून आहे आमच्याकडे, पॅकिंगचा. का हो मावशी?"

"त्याला काय झालं?"

"काही नाही. रिपोर्टमध्ये तक्रार नाही."

"रिपोर्टमध्ये नसेल," चांगुणा म्हणाली. "विजारीत आहे."

संध्याकाळी घरी जायच्या आधी तिने मला पिशवीत घातलं आणि मांजर्लीला गेली. दार आनंदाच्या बायकोने उघडलं, कीर्तीने. चांगुणाने स्वतःचं नाव सांगितलं, मला पिशवीतून काढून दाखवलं आणि म्हणाली, "नवऱ्याचा पाय बघायचाय."

कीर्ती हसलीच. "मावशी, मी बायको असून मला नाय दाखवत. पाच दिस झाले लंगडतोय. इचारला तर सांगतो, झोपून झोपून पाय आखडलाय."

"बोलव."

आनंदा आला. बाईमाणसापुढे पॅन्ट वर करायची म्हणून लाजला. चांगुणा म्हणाली, "तीस वर्षं लोकांची मापं घेतेय. तुझ्या पायात काय सोनं लावलंय? कर वर."

त्याने केली. गुडघ्याखाली बोटभर रुंद, काळानिळा पट्टा, मध्ये फोड फुटून खपली धरलेली.  चांगुणाने मला त्या पट्ट्याशेजारी धरलं. दुमड आणि पट्टा तंतोतंत जुळले.

"अंगठा हलव," चांगुणा म्हणाली.

अंगठा थोडासा उचलला आणि पडला.

"कळतं का हात लावलेला?"

"नाय कळत," आनंदा म्हणाला. "चप्पल सटकते पायातून. कळत नाय कधी सटकली ती."

"आणि डॉक्टरने विचारलं नाही तुला?"

"इचारला ना. चांगला मानूस हाय. सारखा इचारत होता."

"मग?"

आनंदा खपलीकडे बघत बसला. "समदी खूश होती हो मावशी. मी कशाला मधीच."

टीव्ही चालू होता. त्यात परदेशातला तो माणूस स्ट्रेचरवरून बाहेर येत होता आणि हात हलवत होता. खाली लिहून येत होतं, प्रकृती उत्तम. कीर्तीने त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पायाकडे. "ह्यो पन बोलत आसल, मस्त हाय," ती म्हणाली, आणि उठून टीव्ही बंद केला.

चांगुणा परत निघाली तेव्हा मी पिशवीत होते. रस्त्यात ती एकदाच स्वतःशी म्हणाली, "आधीच तीन बोटं शिवण उसवली असती, दोन मिनिटांचं काम." तिला झोप लागली की नाही मला माहीत नाही. मी खुंटीवर होते.

सकाळी तिने शेठला सांगितलं. शेठ खाकरायचंसुद्धा विसरला.

"चांगुणा, बाबा, हो गया ना पास? अभी साठ पीस में वो माया काट दे, खलास. किसको बोलने का क्या है?"

"त्या माणसाचा पाय?"

"दवाई करवा देंगे. मैं करवाता हूँ ना. तू बोलेगी तो काम जाएगा. तेरा भी, मेरा भी, ये सब का भी."

सगळ्या मशिनी थांबल्या. सहाच्या सहा बायका चांगुणाकडे बघत होत्या. त्यातल्या कोणाला हे काम जायला नको होतं. जीन्सचे दिवस मंद होते, हे सगळ्यांना ठाऊक.

"शेठ," चांगुणा म्हणाली, "आता मी माया कापली तर साठ चांगल्या होतील. मान्य. पण त्या कागदावर तक्रार नाही असंच राहणार. उद्या दुसरीकडे कोणीतरी माझ्यासारखीच बाई शिवेल, तिला पण वाटेल बोटभर ठेवू. तिला कोण सांगणार? कागद तर म्हणतोय काही झालंच नव्हतं."

शेठने हात जोडले. आता ते तिला जोडले की देवाला, ते कळलं नाही. ती मला घेऊन निघाली.

अंबरनाथला कंपनीत डॉक्टरसाहेब आलेलेच होते. साठ विजारींच्या कागदांवर त्या दिवशी सही व्हायची होती. ऋता मॅडम चांगुणाला आत घेऊन गेल्या. चांगुणाने मला टेबलावर उलटी टाकली, कागदांवरच.

"ही चूक माझी आहे," ती म्हणाली. "मॅडमनी सांगितलं होतं माया सोडू नको, मी सोडली. तुमच्या आनंदाचा पाय त्याने गेलाय. अंगठा हलत नाही. ते लिहा."

डॉक्टरसाहेबांनी आधी चष्मा काढला, मग घातला. त्यांनी डाग बघितला. "गुडघ्याखाली, बाहेरून?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. तिथून एक नस जाते म्हणे, अगदी हाडावरून, पाऊल उचलायची. "मी आजच त्याला तपासतो. हवा तो उपचार करू. तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं."

"आणि कागद?"

साहेबांनी माझ्याखालचे कागद ओढून घेतले. "बाई, रिपोर्ट वरिष्ठांकडे गेलाय. आता बदलला तर लोक म्हणतील, आधी खोटं लिहिलं होतं."

"आधी खोटंच लिहिलंय."

"खोटं नाही. त्याने जे सांगितलं ते लिहिलं. मी बारा वेळा विचारलं त्याला." ते खरंच दुखावले होते. "आणि आजकाल वातावरण कसं आहे बघताय ना? कुठे खुट्ट झालं की लोक म्हणतात लपवतायत. आमच्या संस्थेवर लोकांचा विश्वास आहे. तो असा सहज घालवता येत नाही."

"विश्वास तर माझाही आहे," चांगुणा म्हणाली. "नसता तर मी घरी बसून तुम्हाला शिव्या दिल्या असत्या. रिक्षा करून इथे कशाला आले असते?"

ऋता मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या.

"पेशंटची माहिती जाहीर करता येत नाही," साहेब म्हणाले. "तो त्याचा खाजगी प्रश्न आहे."

"नाव नका लिहू त्याचं. त्याचा पाय त्याचा. पण शिवण माझी आहे, ती लिहा. माझं नाव लिहायचं असेल तर खुशाल लिहा."

साहेब म्हणाले, एवढीशी दुमड एवढं करेल असं त्यांना वाटत नाही, आधी तपासून बघायला हवं. चांगुणा म्हणाली, "मग घाला."

"काय?"

"विजार घाला. बघा किती रुतते ती."

मला वाटलं, आता हाकलणार हिला. पण मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला उचललं आणि पडद्यामागे गेले. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा पांढऱ्या शर्टाखाली मी होते, नाड्या घट्ट. बसायला जमेना म्हणून टेबलाला टेकून उभे राहिले. चहा आला. चहा देणाऱ्या बाईने एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा चांगुणाकडे, आणि कप ठेवून पदर तोंडाला लावून गेली.

मी माझं काम केलं. साहेबांचा पाय आनंदापेक्षा जाड, त्यामुळे मी जास्तच आवळले. वीस मिनिटांत ते या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. अर्धा तास झाला. त्यांचा अंगठा बुटात वळवळून बघत होता, मला कळत होतं.

ऋता मॅडमनी घड्याळ बघितलं आणि सवयीने विचारलं, "सर, काही त्रास?"

"नाही, ठीक आहे," साहेब म्हणाले.

 साहेबांनी चहाचा कप उचलला, तसाच ठेवला. स्वतःच्याच तोंडून काय आलं ते त्यांना ऐकू गेलं असावं. कानापर्यंत लाल झाले.

"दुखतंय," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मगापासून दुखतंय. बोटांना मुंग्या आल्यात."

चांगुणा हसली नाही. हसली असती तर मला आवडलं नसतं. ती फक्त म्हणाली, "सोडा मग नाड्या."

मला काढल्यावर साहेब खुर्चीत बसले आणि गुडघ्याखालची लाल रेघ चोळत म्हणाले, "वर जाणारेही असंच करतात. दुखलं म्हटलं तर पुढच्या खेपेला नाव कापतील, म्हणून गप्प राहतात. आम्ही म्हणतो तक्रार नाही. लोकांना ते खोटं वाटतं, आणि आम्हाला लोकांचा राग येतो." मग टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हणाले, "वरून येऊन यानासकट समुद्रात उतरले असते आणि बाहेर पडताना त्यांचं पाऊलच उचललं नसतं तर."

त्यांनी कोरा कागद मागितला.

दुसरा रिपोर्ट गेला. त्यात लिहिलं होतं की पहिल्या रिपोर्टमधली शेवटची ओळ चुकीची आहे, अमुक ठिकाणी दुमड रुतली, एकाच्या पायाची नस दबली, चूक शिवणाऱ्या बाईंनी स्वतः आणून दाखवली. तो संस्थेने लपवला नाही, सगळ्यांना वाचता येईल असा ठेवला. लोक बोलले. दोन दिवस बरंच वाकडं बोलले, पैसे खातात, माणसं मारतात, वगैरे. टेकचंद शेठच्या व्हॉट्सॲपवर तर पाय कापल्याचं आलं. तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरं काहीतरी मिळालं. संस्था जागच्या जागी होती.

साठ विजारींचं काम मात्र थांबलं, चार महिने. शेठने चांगुणाशी पंधरा दिवस अबोला धरला, फक्त कामाचं बोलायचा, तेही गोजरबाईला मध्ये घालून. "उसको बोल, हुक लगाने का है." दोन बायका दुसऱ्या कारखान्यात गेल्या, त्यातल्या एकीने जाताना चांगुणाला तोंडावर सुनावलं. चांगुणाने ऐकून घेतलं. तिला उलट बोलता येत होतं, बोलली नाही.

आनंदाकडे डॉक्टरसाहेब स्वतः मांजर्लीला गेले. जमिनीवर मांडी घालून बसले, त्याचं पाऊल हातात घेतलं, टाचणीने एकेक बोट टोचून बघितलं. कीर्तीने चहा केला तो थंड झाला. दीड महिन्याने अंगठा उचलायला लागला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या मधली चामडी अजून बधिर आहे. ती तशीच राहील असं म्हणतात. आनंदा म्हणतो, चालतंय. आता तो असं म्हणाला की कीर्ती त्याला म्हणते, "खरा सांग." मग तो खरं सांगतो.

दुसऱ्या वेळची चाचणी झाली ती नव्या विजारीवर. टेकचंद शेठच्याच कारखान्यात, चांगुणाच्याच हातची, ऋता मॅडम तिच्याशेजारी स्टुलावर. काही त्रास, असं आता विचारत नाहीत. दर अर्ध्या तासाने विजार सोडतात, पाय उघडा करतात आणि हात लावून बघतात. शिवाय एक कागद आहे, त्यावर पायाचं चित्र काढलंय. दुखतं तिथे झोपलेल्याने नुसतं बोट ठेवायचं, बोलायची गरज नाही. आनंदा पुन्हा झोपला. कीर्ती नको म्हणत होती, पण त्याला झोपायचं होतं. तिसऱ्या वेळी साहेबांनी चित्र पुढे केलं तेव्हा त्याने घोट्यावर बोट ठेवलं. नाडीची गाठ आत गेली होती. साहेबांनी सगळं काम थांबवून गाठ बाहेर काढली. आनंदा म्हणाला, "माझ्यामुळं खोळंबा झाला," आणि साहेब म्हणाले, "व्हायलाच हवा."

मी आता अंबरनाथला असते, हॉलबाहेरच्या एका उघड्या कपाटात. मला उलटीच टांगलंय. गुडघ्याखालची शिवण उसवून दुमड वर काढून ठेवलीय. नव्याने शिवायला घेणाऱ्या बायकांना आधी माझ्यापुढे आणतात आणि तिथे अंगठा फिरवायला सांगतात. काही घाबरून बघतात, काही म्हणतात, एवढंच? मी कधी कोणाच्या अंगात जाणार नाही. वर गेलेला माणूस कधी मला घालून खाली पाय टेकणार नाही. त्याचं मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कपाटात राहूनही काम होतं, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. वर जाणारे असाल, नाहीतर बदलापूरच्या एखाद्या दवाखान्यात नंबर लावून बसलेले असाल. मला तुमच्याकडून एकच हवंय. विचारतील तेव्हा खरं सांगा. आणि विचारणारे असाल तर नुसतं विचारू नका, नाड्या सोडा आणि पाय बघा. तुमच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार आहेत. आमची चांगुणा रिक्षा करून आली होती.